इंदूबाईंच्या उंच बैठकीची हकीकत

श्री. वाचकस्वामींचे सेवेसी लिहिणार अत्यंत आज्ञाधारक, मुक्काम पांढुर्णा, यांची विज्ञापना ऐसी जे: आपण पुसिले की, सन एकोणीसशे पंच्याऐंशीचे आंबिया बहारात, म्हणजे दिवाळीचे सुमारास, मोरेश्वरशेठ यांचे संत्र्यांचे आडतीवर जे राजकारण जाहले, ज्यात गादी चढली, गादी उतरली आणि एक स्टूल मात्र आपले जागी कायम राहिले, त्याचे साद्यंत वर्तमान लिहून पाठवावे. आज्ञा शिरसावंद्य मानून, जे डोळ्यांनी पाहिले ते पाहिल्याप्रमाणे, जे कानी आले ते झाडून-पुसून, आणि जे कोणीच पाहिले नाही ते बखरकाराचे वडिलोपार्जित हक्काने लिहिले आहे. वाचणारांनी खुशाल हसावे, परंतु ही मोहीम पोरखेळ होती ऐसे मात्र मानू नये. ज्यांस हवे तेथे बसता येते, त्यांस बसण्याचे मोल ठाऊक नसते.

जाम नदीचे अलीकडे पांढुर्णा आणि पलीकडे सावरगाव. पोळ्याचे दुसरे दिवशी दोन्ही गावच्या फौजा नदीत उतरून एकमेकांवर गोटे फेकतात, आणि पट्ट्या बांधून झाल्या की त्याच घराण्यांत सोयरिकीची बोलणी लावितात. म्हणोन परमुलखीचे लोक समजतात की पांढुर्ण्यास युद्ध ठाऊक ते गोटमारीचे तेवढेच. परंतु या बखरीतील युद्ध गोट्यावाचून लढले गेले आणि त्यात रक्ताचा थेंब सांडला नाही. संत्री मात्र पुष्कळ सांडली.

या युद्धाच्या सेनानी इंदूबाई, वय बावीस, स्टेशनाकडील बौद्ध वस्तीत राहणाऱ्या सुशीलाबाईंची एकुलती कन्या. बालपणी पोलिओ नामे गनिमाने छापा घालून त्यांचा उजवा पाय काबीज केला, तो परत दिला नाही. पुढे सुशीलाबाई दसऱ्यास दीक्षाभूमीच्या दर्शनास नागपुरी गेल्या, तेव्हा लेकीसही बरोबर नेले, आणि तेथील मोठे दवाखान्यात माप देऊन, लोखंडी सळयांचा, चामडी पट्ट्यांचा आणि गुडघ्यापाशी कडी असलेला बूट करवून आणिला. डॉक्टर त्यास कॅलिपर म्हणत, आम्ही चिलखत म्हणू. ते चढवून कडी लाविली की पाय ताठ उभा राही आणि इंदूबाई काठी टेकीत बाजारपेठ पार करीत. कडी सोडली की खुर्चीवर पाय सोडून बसता येई. परंतु त्या चिलखतानिशी जमिनीवर उकिडवे बसणे कोणाचे बापास साधणारे नव्हते.

आता आडतीचे काम कैसे चालते ते ध्यानी घ्यावे, नाहीतर पुढील लढाई समजणार नाही. बागांतून बैलबंड्या भरून संत्री येतात, ती टिनाचे छपराखाली तणसावर ओततात, आणि ढिगाभोवती बायांची फौज उकिडवी बसून मोठे फळ एका टोपल्यात, मध्यम दुसऱ्यात, बारीक तिसऱ्यात, ऐशी निवड करिते. मग ते फळ गवताचे थरांत लाकडी पेट्यांत बसते, पेट्यांस खिळे पडतात, आणि संत्र्यांची सेना ट्रकांतून दिल्लीवर चाल करून जाते. दिल्लीवर चाल करणे हे आमचे लोकांचे जुनेच व्यसन आहे, आणि संत्र्यांस ते माणसांपेक्षा बरे साधले आहे.

या फौजेत सुशीलाबाई जुन्या शिलेदार. मागील मृग बहारात, म्हणजे होळीचे सुमारास, इंदूबाईही हट्टाने भरती जाहल्या, आणि चिलखत उतरवून बाजूस ठेविले, आणि दुबळा पाय अंगाखाली दुमडून आईचे शेजारी बसल्या. हात असा चालला की शेजारणी माना वळवून पाहू लागल्या. परंतु अंगाखालचा पाय काय सोशीत होता हे इंदूबाईंनी कोणास कळू दिले नाही, आणि कळले तेव्हा गुडघा सुजून घोट्यास जखम पडली होती, आणि बहाराचा उरला काळ बाजेवर गेला. जखमेची मलमपट्टी केली ती सरकारी दवाखान्याच्या सिस्टर अनुराधाबाई यांनी. त्यांची जबान तिखट, हात मऊ, आणि सायकलीची घंटी दुरून ऐकू येणारी. त्यांनी हुकूम काढिला की, यापुढे जमिनीवर बसणे बंद. बैठक उंच हवी, पाठीस आधार हवा, पाय खाली टेकलेला हवा. मधून मधून उठून चालावे. आणि दोन प्रहरी पट्टे सोडून कातडी लाल जाहली की काय ते पाहावे. हुकमाचे शेवटी मोर्तबादाखल त्या म्हणाल्या, "पुन्हा खाली बसलीस ना इंदू, तर पाय तर जाईलच, वरून माझ्या शिव्या खाशील त्या वेगळ्या."

पाय वाचला, परंतु काम गेले. इंदूबाई नववीपर्यंत शिकलेल्या, म्हणोन जिल्ह्याचे गावी एका दफ्तरात नोकरीसाठी नाव घातले होते. दफ्तराने "कळवू" ऐसे अभय दिले, आणि ते अभय अद्याप चालू आहे. इतक्यात बोरगावाहून कुसुममावशींचा खलिता आला. या सुशीलाबाईंच्या थोरल्या भगिनी, मनाने प्रेमळ, परंतु दुसऱ्याचे आयुष्य दुसऱ्यास न विचारिता मार्गी लावण्याची त्यांस भारी हौस. त्यांनी कळविले की, दिवाळी उलटली की पहिले बाजाराचे दिवशी आम्ही जातीने येऊ आणि इंदूस बोरगावी नेऊ. तेथे सून शेतावर जाते, नातवंडे सांभाळावयास कोणी नाही. पोरीस बसल्या जागी दोन वेळचे मिळेल आणि तुझा घोर मिटेल.

हे ऐकून इंदूबाईंनी भाकरी खाली ठेविली. "मले लेकरं आवडतात, आई," त्या म्हणाल्या. "पन मी गेली तं गेलीच. तिथं मले कोनी जाय म्हननार नाही अन् राह्य बी म्हननार नाही. जनमभर नुसतं असनं हाये तिथं." सुशीलाबाईंस लेकीचे बोलणे लागले, परंतु आपल्यामागे हिचे कोण, ही चिंताही खोटी नव्हती. मग मायलेकींत करार जाहला तो ऐसा: बाजाराचे दिवशी मावशी येतील तेव्हा इंदू आडतीवर कामास असेल तर मावशी रिकाम्या जातील, नसेल तर इंदूने मुकाट मोटारीत बसावे. पुढे जी हातघाई जाहली ती या एका कराराकरिता.

मग सिस्टर, सुशीलाबाई आणि इंदूबाई यांची वकिली आडतीवर दाखल जाहली. दर्शनी भागी पांढऱ्या चादरीची गादी, वीतभर उंच, वर लोडास टेकून खासा मोरेश्वरशेठ, शेजारी सतरंजीवर दिवाणजी गजाननपंत, आणि बाकी सर्व जनता भुईवर. दस्तुर ऐसा की आडतीत गादीहून उंच कोणी बसू नये, म्हणोन खुर्ची किंवा बाक तेथे ठेविलेच नव्हते. हा दस्तुर कोणी घातला, कधी घातला, हे विचारिता आडतीतील मंडळी एकाएकी कामास लागत. परंतु ज्यांचे वाडवडील त्याच आडतीचे पायरीखाली उभे राहून ओंजळीत मजुरी झेलीत आले, त्यांस तो कोणासाठी घातला हे न विचारिता ठाऊक होते.

सिस्टरांनी मागणे मांडिले की, इंदूस एक उंच स्टूल घालू द्यावे, ती निवडणीस बसेल, मजुरी इतर बायांप्रमाणे. हुजुरांनी फर्माविले की, पोरीविषयी आमचे मनी दया आहे, सणासुदीस टोपलीभर फळ घेऊन जावे, परंतु काम हवे तर सर्वांसारखे खाली बसून करावे. आमचे वडिलांचे वेळेपासून गादीहून उंच कोणी बसला नाही.

तेव्हा सुशीलाबाई, ज्यांनी त्या आडतीत आजवर मान वर करून शब्द काढिला नव्हता, त्या बोलल्या, "दया कोन मांगून राहिलं शेठजी? तिले येळभर उभं राहवत नाही अन् खाली बसता येत नाही. मंग आता काय हवेत लटकावू तिले?"

या प्रश्नास शास्त्राधार सापडेना. दिवाणजींनी कान खाजविला. शेठजींनी लोड इकडचा तिकडे केला. इतक्यात सिस्टरांनी आपली तोफ डागली. शेठजींस साखरेचा आजार, त्यात अंगी अशक्तपणा, आणि दर मंगळवारी ताकदीची सुई घ्यावी लागे ती सिस्टरांचे हातून. "मंगळवारी येतेच आहे मी, शेठजी," त्या म्हणाल्या. "माझा हात तसा हलका आहे. पण मन भारी असलं की हातही भारी होऊन जाते." ज्याचे दंडावर दर आठवड्यास सुई टोचावयाची, त्याचेशी तह करणे फार अवघड नसते. तह जाहला. इंदूने स्टुलावर बसावे, दोन प्रहरी सिस्टरांनी येऊन पाय तपासावा, आणि स्टूल कोणत्याही हालतीत गादीहून उंच नसावे. उंच जाहल्यास त्या क्षणी स्टूल आणि नोकरी दोन्ही बरखास्त.

मग आडतीचे पेट्या ठोकणारे हिरामण सुतार यांस पाचारण जाहले, आणि त्यांनी सुतळीने इंदूबाईंचा गुडघा मापिला, आणि त्याच सुतळीने गादी मापिली, आणि सुतळीकडे पाहत उगेच बसले. वीतभर गादीहून खाली राहील ते स्टूल नव्हे, पाट. आणि पाटावरच बसावयाचे तर चिलखताने काय पाप केले होते? मोहीम येथेच बुडावी, ऐसा प्रसंग आला. परंतु दिवाणजी गजाननपंत हे बुद्धीचे सागर. त्यांनी खलबत करून मसलत दिली की, स्टूल खाली येत नसेल तर गादी वर न्यावी. दस्तुर दोहोंतील अंतराचा आहे, गादी भुईवर असावी ऐसे कोठे म्हटले आहे? ही मसलत ऐकून हुजूर इतके खूश जाहले की त्यांनी चहा मागविला.

त्यावर आडतीचे मागील अंगास रिकाम्या पेट्यांची जी चळत होती, ती हमालांनी उचलून पुढे आणिली, आणि पेट्यांवर पेट्या रचिल्या, आणि त्यांवर फळ्या, फळ्यांवर गादी, गादीवर चादर, आणि चादरीवर दोन हमालांनी बखोटे धरून खासा मोरेश्वरशेठ यांस विराजमान केले. चढावयास एक पेटी पायरीदाखल ठेविली. तेथून सारी आडत दिसे आणि शेठजींचे मनास प्रथमदिवशी अत्यंत समाधान वाटले.

दुसरे दिवसापासून समाधानास गळती लागली. छप्पर टिनाचे, त्यामुळे ऊन चढले की धग सरळ टाळूस लागे. बागाईतदार बोलावयास आले की मान उंचावून बोलत आणि भाव ठरण्याआधी मान धरून बसत. चहाचा कप हातोहात वर जाता निम्मा वाटेत सांडे. आणि साखरेचे आजारात माणसास घडोघडी मागले अंगणात जावे लागते, हे कोणापासून लपले आहे? दर वेळी "उतरवा रे!" ऐसी आज्ञा होई, आणि हमाल धावत, आणि आज्ञेतील निकड ऐकून बाया पदरात तोंड लपवीत. तरी हुजुरांनी ब्र काढिला नाही. मोठेपणाची किंमत ते निमूट भरीत होते, आणि त्याबद्दल बखरकारास त्यांचे खरोखर कौतुक वाटते.

इकडे इंदूबाईंचे तख्तारोहण जाहले. हिरामण यांनी स्टुलास पाठ बसविली होती, पायाखाली फळी दिली होती, आणि सिस्टर मुद्दाम सायकल हाणीत आल्या होत्या. इंदूबाईंनी काठी टेकविली, वळल्या, बसल्या, गुडघ्याची कडी सोडली, पदर खोचला, आणि खाली वाकून पहिले संत्रे उचलावयास हात केला. हात हवेत राहिला. संत्री भुईवर होती.

स्टुलाची उंची, गादीची उंची, टिनाची उंची, या सर्वांवर खल जाहला होता; संत्री कोठे असतात, हे सुतारांपासून सिस्टरांपर्यंत एकाचेही डोक्यात आले नाही. तख्त मिळाले आणि मुलूख खाली राहिला. निवडणाऱ्या बायांची म्होरकी छायाबाई जी हसली, तिचे मागोमाग सारा ढीग हसला, आणि इंदूबाईही हसल्या, परंतु त्यांचे डोळे भरले होते. सुशीलाबाईंनी टोपले भरून वर दिले, ते निवडून जाहले की दुसरे दिले. त्यांचे आपले काम मागे पडू लागले, तेव्हा छायाबाई बोलल्या, "आता रानीसायबाले रोज वर नेऊन देनं हाये काय व माय? आमच्या कमरेले कोनी स्टूल दिलं काय?" हे बोलणे कठोर होते, परंतु खोटे नव्हते.

सुशीलाबाई त्या दुपारी घरी गेल्या, आणि घरची एकुलती बाज डोक्यावर उलथी घालून भर बाजारपेठेतून घेऊन आल्या. हीच ती बाज, जिच्यावर इंदूबाई मागील बहारात दुखरा पाय घेऊन पडून होत्या. चारही खुरांखाली विटा लावून ती स्टुलासमोर मांडिली आणि हमालास म्हणाल्या, "ओत येच्यावर." बाज मधून झोळ खाल्लेली, म्हणोन फळ कडेने न घरंगळता मध्यावर गोळा होऊन बसले. दिवाणजी लगबगीने आले की, संत्री गादीचे उंचीस आली, हे तहास धरून आहे काय? शेठजींनी वरून विचार करून निवाडा दिला की, फळास मानपान नाही. मग त्या रात्रीपासून मायलेकी घरी भुईवर निजू लागल्या. त्याची वाच्यता दोघींनीही केली नाही.

मग कामास असा रंग चढला की सांगता सोय नाही. इंदूबाई फळ तळहातावर घेत, फिरवीत आणि बरोबर टोपल्यात टाकीत, आणि हात चालू असताना तोंडही चालू ठेवीत. सिस्टर दोन प्रहरी येऊन पट्टे सोडवीत, कातडी पाहत, आणि "ठीक आहे" इतकेच म्हणत, परंतु सायकलीवर बसताना गाणे गुणगुणत. छायाबाई एके दिवशी कंबर सरळ करावयास म्हणोन उठल्या, बाजेपाशी उभ्या राहिल्या, उगाच दोन फळे निवडली, आणि परत खाली गेल्याच नाहीत. दुसरे दिवशी त्यांनी आपले घरची बाज आणिली. आठवडा उलटला नाही तोच आडतीत बाजाच बाजा जाहल्या, बाया कोणी उभ्या, कोणी विटांचे थप्पीवर बसलेल्या, आणि भुईवर उरले ते तणीस आणि एक मांजर. शेठजी हे सर्व वरून पाहत होते. वर बसावे तर खाली कोणी तरी हवे, ही गोष्ट त्यांचे ध्यानी आली असावी, कारण त्या दिवसांत ते फार बोलत नसत.

आणि बाजाराचा दिवस उजाडला. कुसुममावशी बोरगावाहून सौसरवरून मोटारीने आल्या, इंदूचे कपडे भरावयास रिकामी पिशवी घेऊन, आणि घरास कुलूप पाहून थेट आडतीवर चालत्या जाहल्या. नेमके त्याच दिवशी बागांतून माल असा लोटला की छपराबाहेर ढीग लागले. दिल्लीचा ट्रक येऊन उभा, त्याचा सरदारजी ड्रायव्हर घडीघडी भोंगा वाजवी. आणि हिरामण सुतार घामाघूम होऊन वर्दी घेऊन आले की, पेट्या खलास. सावरगावचे ठोकणारे दिवाळीस पाहुणे गेले ते परतले नाहीत. टोपल्यांत निवडलेले फळ तयार, गवत तयार, ट्रक तयार, परंतु भरावयास पेटी नाही. सर्वांनी चोहीकडे पाहिले. आणि मग हळूहळू सर्वांच्या नजरा वर गेल्या. आडतीतील होत्या नव्हत्या तेवढ्या रिकाम्या पेट्या खासा हुजुरांचे बुडाखाली होत्या.

संत्र्यांचा धंदा करणाऱ्याने आपला मान पेट्यांवर रचावा आणि ऐन बहारात ते विसरावे, ही चूक पांढुर्ण्यावाचून अन्य मुलखात घडणे नाही. पुन्हा भोंगा वाजला आणि शेठजी म्हणाले, "उतरवा रे." या वेळेची निकड निराळी होती. हमालांनी फळ्या उचलून वरचा थर काढिला आणि गादी पुन्हा मांडली. काढिलेला थर फळाने भरून ट्रकात गेला, मग दुसरा, आणि प्रत्येक थरागणिक गादी खाली येत चालली. अखेरीचा थर निघाला, आणि गादी पूर्वीचे जागी वीतभर उंचीवर टेकली, आणि शेठजी तिजवर बसले, आणि मान वर करून पाहतात तो समोर स्टुलावर इंदूबाई. दिवाणजींनी खाकरून स्मरण दिले की तहाप्रमाणे स्टूल बरखास्त आहे. कुसुममावशी पिशवी सावरीत पुढे आल्या आणि मायेने म्हणाल्या, "चाल माय. पायलं ना करून? आता नोको जीव जाळू."

इंदूबाईंनी हातातील संत्रे टोपल्यात ठेविले. गुडघ्याची कडी लाविली. काठीकडे हात गेला. परंतु उठण्याआधी त्या बोलल्या. "शेठजी, मी तुमच्यापेक्षा उंच नाही बसली. माह्यानं खाली बसवत नाही म्हनून मी इथं बसली. मोठं व्हायचं असतं तं तुमच्या गादीवर डोळा ठेवला असता. मले माह्या कामावर बसाचं हाये फक्त."

शेठजींचे मनी काय आले, याविषयी मतभेद आहेत. दिवाणजी म्हणत, ट्रक आला. छायाबाई म्हणत, लाज आली. सिस्टर म्हणत, टिनाखाली बसून त्यांस उंचीचा वीट आला होता. आम्ही सर्वांचा मान राखून लिहितो की तिन्ही आले, आणि लाज थोडी अधिक आली. कारण त्यांनी आधी सुशीलाबाईंकडे पाहिले, मग मजुरी झेलण्याचे त्या आडतीचे पायरीकडे पाहिले, मग खाली मान घालून म्हणाले, "बस. कडी सोड. तू उठशीन तं हा माल कोन निवडन? गादी येथंच राहीन अन् तूबी तेथंच राह्य." आणि दिवाणजींस म्हणाले, "अन् तुम्ही काय पाहून राहिले? पेट्या उचला."

दिवाणजी गजाननपंत यांनी जन्मात प्रथमच पेटी उचलिली. आभाळ कोसळले नाही, टिनही कोसळले नाही. इंदूबाईंनी कडी सोडली आणि जे निवडणीस हात घातला तो दिल्लीचा ट्रक भरेपर्यंत वर केला नाही. कुसुममावशी काही वेळ पिशवी धरून उभ्या राहिल्या, मग त्यांस उगे उभे राहवेना, मग त्या बाजेशी आल्या, आणि पदर खोचून निवडू लागल्या, आणि निवडता निवडता भाचीस तिच्या चुका दाखवू लागल्या. भाचीने उलट त्यांच्या दाखविल्या. ट्रक हालला तेव्हा सरदारजीने भोंगा वाजविला, आणि आडतीतील सर्वांनी हात वर केले.

सायंकाळी सौसरची मोटार लागली. इंदूबाई काठी टेकीत मावशीस पोचवावयास मोटारीपर्यंत आल्या, आणि शेठजींचे परवानगीने उचललेली संत्री मावशींचे त्या पिशवीत भरून दिली. मावशी खिडकीशी बसल्या, डोळे पुसले आणि विचारिले, "मंग लेकराइले काय सांगू व? ते तं वाट पाहून राहिले, आत्या येऊन राहिली म्हनून."

इंदूबाई म्हणाल्या, "सांगजो, बहार सरला का येतो म्हना. दोन दिस राहीन. पाहुनी म्हनून येईन, मावशी."

येणेप्रमाणे पांढुर्णा आडतीवर उंच बैठक कायम जाहली, गादी आपले मापाने राहिली, आणि इंदूबाई सुशीलाबाईंची लेक यांस बोरगावचे घरी पाहुणी म्हणोन जाण्याचा आणि पाहुणी म्हणोन परत येण्याचा पूर्ण अधिकार प्राप्त जाहला. मोहीम फत्ते. हे कलम येथे कायम केले असे.